एकोणिसावं पान

॥ श्रीसिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, १० ऑगस्ट १९७५

प्रिय कुंडलिक,

सोबत बेचाळीस पानांची वही रजिस्टर पोस्टाने पाठवतो आहे. पोस्टातल्या कारकुनाने विचारलं, "काय हाय ह्यात, मास्तर?" मी म्हटलं, गणित. तो म्हणाला, "मग रजिस्टर कशाला? कुनी चोरत न्हाय."

तुला आश्चर्य वाटेल. वसतिगृहात आपण एका कंदिलाखाली बसत होतो त्याला आता तीस वर्षं होतील. तू मंद्रूपहून आलेला, मी मैंदर्गीहून. पदवीनंतर तू पुण्याला गेलास, वक्र पृष्ठांच्या भूमितीत डॉक्टर झालास, आज विभागप्रमुख आहेस. मी शाळेत लागलो आणि सव्वीस वर्षं त्रैराशिक शिकवलं. पण १९६४ साली सात रस्ता चौकात एका रद्दीवाल्याकडे मला एक लहानसं इंग्रजी पुस्तक मिळालं, १९०८ सालचं. रिचीच्या पद्धतीवर, म्हणजे ज्याला पुढे टेन्सरचं कलन म्हणू लागले त्यावर. गेली अकरा वर्षं शाळा सुटल्यावर मी तेच करतो आहे. कमल सोडून कुणाला सांगितलं नाही.

वहीची पहिली चौदा पानं इतिहासाची आहेत, शिक्षकांसाठी. गाउसला हॅनोव्हरच्या जमिनीच्या मोजणीवर नेमलं होतं. उन्हापावसात वर्षानुवर्षं त्याने त्रिकोण मोजले. पृष्ठ किती वाकलेलं आहे हे त्या पृष्ठावरच मोजमाप करून कळतं, वर आकाशात जाऊन पाहावं लागत नाही, हे त्याने दाखवून दिलं. मग रीमान. पाद्र्याचा मुलगा, स्वतः श्रद्धाळू, प्रकृतीने नाजूक. त्याने ही गोष्ट पृष्ठांवरून कितीही मितींच्या अवकाशाला लावली. पुढे क्रिस्टोफेलने सूत्रं बसवली आणि इटलीतल्या पदुआत रिची या माणसाने त्यांचं सगळं शास्त्र केलं. दहा वर्षं तो एकटा त्यात होता. बक्षिसासाठी काम पाठवलं तर परीक्षकांनी बक्षीस दिलं नाही. एवढ्या यंत्रणेची गरज काय, असं त्यांना वाटलं. एकोणीसशे तेरा साली, असं मी आइनस्टाइनच्या चरित्रात वाचलं, त्याला नेमकी तीच यंत्रणा हवी झाली, तेव्हा रिची साठीला आला होता.

टेन्सर म्हणजे काय हे सांगताना मी आमच्या घराचं उदाहरण दिलं आहे. आई निरोप कानडीत सांगायची, आम्ही तो शेजाऱ्यांना मराठीत सांगायचो. शब्द सगळे बदलायचे, पण नियमाने बदलायचे, म्हणून निरोप तोच राहायचा. मोजपट्टी बदलली, दिशा बदलल्या, आकडे बदलले, तरी जे बदलत नाही ते धरून ठेवण्याची ही रीत.

पंधराव्या पानापासून माझं आहे. ते मला नंदीध्वजामुळे सुचलं. माझा चुलतभाऊ चनमल्लप्पा सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाची काठी धरतो, हे तुला ठाऊक आहे. ती उंच काठी कमरेच्या पिशवीत उभी तोलून माणूस गावातल्या अडुसष्ट लिंगांना फिरून येतो. रस्ता वळतो, माणूस वळतो, पण काठी स्वतः होऊन वळत नाही. मी विचार केला, वाकलेल्या पृष्ठावरून एखादी दिशा अशीच न वळवता नेली तर? ते सूत्रात मांडलं. मग एकोणिसाव्या पानावर दाखवलं की प्रदक्षिणा पूर्ण झाली की दिशा मूळची असते. पुढची तेवीस पानं त्यावर उभी आहेत. त्यातून वाकलेल्या अवकाशाचं गणित सपाट अवकाशाइतकं सोपं होतं.

फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्याच्या गणित अध्यापक मंडळाचं संमेलन सोलापुरात आहे आणि तू अध्यक्ष आहेस. मंडळ म्हणतं, मीही एखादा निबंध वाचावा. वही बरोबर आहे असं तू म्हणालास तरच ती वाचीन. मला दीडशे शिक्षकांपुढे चुकीचं काही सांगायचं नाही. ज्यांच्या पोरांना मी शिकवलं, तेच समोर बसतील. चुकलं असेल तर सरळ लिही, मी वही गुंडाळून ठेवीन. त्याचं दुःख होईल, पण ते घरातलं दुःख असेल.

तुझा,
पंचाक्षरी


पुणे, २८ सप्टेंबर १९७५

प्रिय पंचाक्षरी,

मास्तरा, अकरा वर्षं गप्प बसलास. वसतिगृहात तर मेसच्या आमटीवरही तासभर बोलायचास.

उशीर झाला, माफ कर. परीक्षा, नेमणुकांच्या समित्या, त्यात हे दिवस असे की प्रत्येक कागद तीनदा वाचून सही करावी लागते. पण तुझी वही टेबलावरच होती. इतिहास फार सुंदर उतरला आहे. रिचीवरची दोन पानं मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. आईच्या कानडीचं उदाहरण तर मी पुढच्या भाषणात चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो. एक दुरुस्ती: रीमानच्या व्याख्यानाचं साल तू १८५६ लिहिलं आहेस, ते १८५४ हवं.

पुढचा गणिताचा भागही पाहिला. मांडणी स्वच्छ आहे. असं काम एका शाळामास्तराने एकट्याने केलं याचा मला अभिमान वाटतो. मंडळापुढे जरूर वाच. अध्यक्ष म्हणून मी चार शब्द बोलेन तेव्हा तू खाली बघत बसू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
कुंडलिक


सोलापूर, १२ ऑक्टोबर १९७५

प्रिय कुंडलिक,

तुझं पत्र मी शाळेत वाचलं आणि नववीचा तास दहा मिनिटं उशिरा सुरू केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. घरी आल्यावर कमलने गोडाची हुग्गी केली. म्हणाली, "त्यांना कळलं म्हंजे खरंच कायतरी हाय की. मला वाटलं, डोस्कं फिरलं तुमचं."

हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर दीडशे प्रती काढायला घेतल्या आहेत. तालुक्यातालुक्याला आधीच पाठवायच्या, म्हणजे लोक वाचून येतील. १८५४ दुरुस्त केलं.

एक विचारायचं राहिलं. एकोणिसाव्या पानाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. तू बारीक माणूस. सालाची चूक काढलीस, तेव्हा तिथे काही असतं तर नक्की काढलं असतंस, हे मी धरून चाललो आहे. तरी एका ओळीने कळव. मला ती पायरी इतकी सहज वाटली की तिच्यावर मी फार वेळ घालवला नाही, आणि सहज वाटणाऱ्या गोष्टीची मला जरा धास्ती असते.

तुझा,
पंचाक्षरी


(कार्ड)
पुणे, २४ नोव्हेंबर १९७५

प्रिय पंचाक्षरी,

घाईत लिहितो. एकोणिसावं पान ठीक आहे. निर्धास्त राहा. फेब्रुवारीत भेटूच.

कुंडलिक


सोलापूर, ४ जानेवारी १९७६

प्रिय कुंडलिक,

प्रती डिसेंबरातच वाटून झाल्या. अक्कलकोट, मंद्रूप, बार्शी, सगळीकडे गेल्या. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

जत्रा जवळ आली, त्यामुळे गल्लीत काठीचा सराव चालू आहे. परवा सकाळी चनमल्लप्पा दम खायला आमच्या ओट्यावर बसला. म्हणाला, "मास्तर, आमच्या काठीवर पुस्तक लिवलं म्हनं तुमी. मग आमाला कमिशन न्हाय?" मी त्याला थोडं समजावून सांगितलं. तो घाम पुसत ऐकत होता. मग म्हणाला, "गाव सपाट हाय, म्हून जमतं की. डोंगराभवती न्ह्यायची म्हटली तर कशी राहील वो? तितं सरळ म्हंजे कुटं?"

एवढंच बोलून तो उठून गेला. मी आत गेलो आणि पाण्याचा हंडा पालथा घातला. बुडाच्या मध्यावर एक काडी धरली, तिचं टोक पूर्वेच्या कडेकडे. न वळवता पूर्वेच्या कडेपर्यंत खाली आणली. मग न वळवता कडेकडेने पाव फेरी, दक्षिणेपर्यंत. मग तशीच वर मध्यावर. कुंडलिक, निघाली तेव्हा काडी पूर्वेकडे पाहत होती, परत आली तेव्हा दक्षिणेकडे. कुठेही मी ती वळवली नव्हती.

तीनदा केलं. कमल दारात येऊन उभी होती. "अहो री, हंडा पान्याला न्ह्यायचा हाय. पूजा झाली असली तर द्या."

तेव्हा एकोणिसावं पान चुकलं आहे. प्रदक्षिणा पूर्ण झाली की दिशा मूळची असते, हे फक्त सपाटीवर खरं. मी वाकलेल्या अवकाशाचं म्हणून जे सोपं गणित केलं, ते सपाटीचंच होतं. तेवीस पानं गेली. आणि चूक कशी झाली हेही मला दिसतं. लहानपणापासून देवळात फेरी घालून आलो की मी होतो तसाच देवापुढे उभा राहतो, असं मी कधीही न तपासता मानलं होतं. तेच मी सिद्धतेत नेऊन ठेवलं. वहीत बंद वक्राला शब्दही मी प्रदक्षिणाच वापरला आहे. कमलला हे सांगितलं तर म्हणाली, "जशाच्या तसं परत यायचं असलं तर फिरायचं कशाला मग?" तिच्याजवळ उत्तर होतं, मी विचारलं नाही.

आता तुला विचारतो. तुला केव्हा कळलं? या विषयात तू डॉक्टर आहेस. पहिल्या वाचनातच दिसलं असणार. माझं मन मोडू नये म्हणून तू गप्प राहिलास, असं मी समजतो. तुझ्या मनात वाईट नव्हतं. पण मी मागितलं होतं ते दुसरं होतं. आता ते दुःख घरातलं राहिलेलं नाही, दीडशे घरांत गेलं आहे.

पंचाक्षरी


पुणे, १५ जानेवारी १९७६

प्रिय पंचाक्षरी,

तू मला दयाळू समजतोस. ते खरं असतं तर मी आज वर मान करून लिहिलं असतं.

मला चूक कळलीच नव्हती. मी ती पानं वाचली नव्हती. इतिहास वाचला, तो आवडला, पुढची पानं चाळली आणि तुला पत्र लिहिलं. तू ऑक्टोबरात एकोणिसाव्या पानाबद्दल विचारलंस, तेव्हा मी खरोखर वही घेऊन बसलो. तीन दिवस बसलो. सोळाव्या पानापुढे मला जाता आलं नाही. खालचे-वरचे अंक कुठून येतात, कुठे जातात, मला आठवेना. मी हा विषय शेवटचा शिकवला एकसष्ट साली. त्यानंतर वेळापत्रकं, समित्या, अनुदानं, उद्घाटनं. दरवर्षी वाटायचं, सुट्टीत पुन्हा बसू. मग दोन-तीन प्रबंधांवर न वाचता सह्या केल्या, आणि कुणालाच कळलं नाही हे पाहून भीतीही गेली. एका शाळामास्तराची वही आपल्याला कळत नाही, हे मला मान्य करता येईना. म्हणून चार ओळींचं ते कार्ड टाकलं.

एक गोष्ट मात्र मला अजून आठवते, कारण तोंडी परीक्षेत मला तीच विचारली होती. दिशा न वळवता नेण्याची कल्पना, म्हणजे तुझी पंधरा ते अठरा पानं, सतरा साली लेव्ही-चिविता या माणसाने मांडली. तो रिचीचाच शिष्य. फेरी घालून आल्यावर दिशा किती वळली, यावरून अवकाशाचा वाकडेपणा मोजतात. तुझं पुस्तक आठ सालचं, म्हणून तुला हे कळायला मार्ग नव्हता. तो ज्यू होता. अडतीस साली त्याला विद्यापीठातून काढून टाकलं आणि तीन वर्षांत तो गेला. त्याने केलेलं तू सोलापुरात बसून स्वतः शोधलंस. हे मी सप्टेंबरातच सांगू शकलो असतो, नुसती वही वाचली असती तर.

संमेलनाचं मी असं सुचवतो. तू आजारी आहेस म्हणून कळव. निबंध आपोआप गळेल, कुणी विचारणार नाही. मीही येत नाही. त्या खुर्चीवर तुझ्या शेजारी बसायला मला तोंड नाही. तार करीन.

कुंडलिक


सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७६

प्रिय कुंडलिक,

तुझी तार सभेच्या आदल्या दिवशी आली. मी आजारी नव्हतो, म्हणून गेलो.

इतिहास वाचला. अठराव्या पानापर्यंत वाचलं आणि हे सतरा सालीच एका इटालियन गणितज्ञाने केलेलं आहे, हे सांगितलं. मग म्हटलं, आता एकोणिसावं पान काढा, ते चुकलं आहे. घरून हंडा नेला होता. टेबलावर पालथा घातला आणि काडी फिरवून दाखवली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मंद्रूपचे जोतीराम मास्तर, तुझ्याच गावचे, उभे राहिले. "सर, मग ह्या प्रतींचं काय करायचं? आमी पोरांना वाचून दाखवलंय की हे." मी म्हटलं, एकोणिसाव्या पानापासून काट मारा. पोरांनाही सांगा की मास्तर चुकला होता आणि कुठे चुकला होता. मग सभागृहभर पेन्सिली चालल्या. तो आवाज मी बराच वेळ ऐकत उभा होतो. खाली बघितलं नाही.

सभा संपल्यावर पाच-सहाजण टेबलाभोवती थांबले. हंडा हातात घेऊन स्वतः काडी फिरवून पाहत होते. एक जण म्हणाला, अक्कलकोटला शाळेत करून दाखवतो.

आता तुझ्याबद्दल. राग आहे. पंधरा दिवस तुला लिहायला बसत होतो आणि उठत होतो. सकाळी इष्टलिंग हातावर घेऊन बसलो तरी तो जात नव्हता. तुला विषय आठवत नाही, याचा राग नाही. मलाही पूर्ण येत नव्हता, हे बेचाळीस पानांनी सिद्ध केलं आहे. राग त्या कार्डाचा आहे. "निर्धास्त राहा" असं तू मला लिहिलंस. मी राहिलो. हे मी विसरेन असं वाटत नाही, आणि विसरलो असं खोटं लिहिणार नाही.

पण या पंधरा दिवसांत दुसरंही एक मनात आलं. लेव्ही-चिविताबद्दल तू लिहिलंस ते वाचल्यापासून मला पुढचं सगळं शिकायचं आहे, आणि ते मला एकट्याने जमणार नाही. एकट्याने काय होतं ते पाहिलं. तुझ्या पोटातही तो विषय कुठेतरी असणार, पाच वर्षं घातली होतीस. तेव्हा पहिल्यापासून करू. पंधरवड्याला एक गणित. एकाने घालायचं, दुसऱ्याने सोडवायचं, घालणाऱ्याने तपासायचं. प्रत्येक ओळ तपासायची. न वाचता बरोबर म्हणायचं नाही. ही अट मान्य नसेल तर उत्तर देऊ नकोस, मी समजेन.

पहिलं मी घालतो. सोलापूरचा अक्षांश सतरा अंश चाळीस मिनिटं. पृथ्वी गोल धर. बाण उत्तरेकडे करून सोलापुरातून पूर्वेला नीघ, त्याच अक्षांशावरून पृथ्वीला फेरी घाल आणि परत सोलापुरात ये. बाण वाटेत जराही वळवायचा नाही. परत आल्यावर तो कुठे पाहतो? काडी फिरवून नको. रिचीच्या पद्धतीने, सूत्र मांडून.

पंचाक्षरी


पुणे, १४ मार्च १९७६

प्रिय पंचाक्षरी,

सोबत तीन पानं. पाच दिवस लागले. दार लावून बसत होतो, शिपायाला वाटलं परीक्षेचे पेपर काढतोय. गोलाची क्रिस्टोफेलची चिन्हं काढायलाच दोन दिवस गेले. माझं उत्तर: बाण उत्तरेपासून सुमारे एकशे नऊ अंश डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्याही थोडा पलीकडे. बरोबर आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. असं लिहायची सवय गेली होती.

या महिन्यात एक प्रबंध परीक्षणाला आला होता, आपल्याच विषयातला. परत पाठवला. मला हा वाचता येत नाही, दुसरा परीक्षक नेमा, असं सोबत लिहिलं. कुलसचिवांचा फोन आला, "तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे.

कार्डाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं.

तपासून पाठव.

कुंडलिक


(कार्ड)
सोलापूर, २० मार्च १९७६

प्रिय कुंडलिक,

तिन्ही पानं ओळ न् ओळ तपासली. एकशे नऊ बरोबर. बाजू चुकली. दुसऱ्या पानावर सातव्या ओळीत वजा आहे, तो तू अधिक धरलास. बाण उजवीकडे वळतो, पूर्वेच्या पुढे, दक्षिणेकडे थोडा कललेला. पुन्हा करून पाठव. घाई नाही. माझंही पहिल्यांदा डावीकडेच आलं होतं.

पंचाक्षरी